पकडता येईल अशी थाप

बंपर आत गेलेला, बॉनेटवर पिवळ्या ऑइलपेंटचा लांबलचक ओरखडा, आणि गाडीमालक गळ्याला चिमटा काढून सांगतोय, "साहेब, कुत्रं आडवं आलं हो." मी मोटार विम्याचा सर्व्हेअर आहे. ठाणे, भिवंडी, कल्याण या पट्ट्यातल्या गॅरेजांत दिवसभर हिंडतो आणि दिवसभर लोक माझ्याशी खोटं बोलतात. ऑइलपेंट लावलेलं कुत्रं अजून तरी माझ्या पाहण्यात आलेलं नाही.

रविवारी दुपारी मात्र खोटं बोलायची पाळी माझी. आमच्या जेवणाच्या टेबलावर डन्जन्स अँड ड्रॅगन्सचा खेळ चालतो. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं, गोष्ट बोलत बोलत पुढे न्यायची, आणि एखादी गोष्ट जमते की नाही ते वीस बाजूंच्या फाशाने ठरवायचं. डीएम, म्हणजे गोष्ट चालवणारा डन्जन मास्टर, मी असतो. म्हणजे राजा मी, भिकारी मी, फितूर मंत्री मी आणि गुहेतला ड्रॅगनही मीच. समोर पाच जण. त्यात एक वकीलबाई आहेत, एक बँकेतला, आणि माझी भाची. भाचीने यंदा बार्ड, म्हणजे भाट, घेतलाय. पात्राची लोकांवर छाप पाडायची ताकद कॅरिस्मा या आकड्यात मोजतात. दुसऱ्याच रविवारी ती स्वयंपाकघरात येऊन हळूच म्हणाली, "मामा, माझ्या बार्डची कॅरिस्मा १८ आहे, पण मला स्वतःला रिक्षावाल्याशी सुट्ट्या पैशांवरून बोलता येत नाही. मी थापा कशा मारू?"

तिला जे सांगितलं तेच इथे लिहितोय. थोडं वाढवून.

पहिली गोष्ट, थाप मारणं वेगळं आणि पटवणं वेगळं. नियमांतही ती दोन निराळी कौशल्यं आहेत, डिसेप्शन आणि पर्स्युएशन. धमकावण्यासाठी इंटिमिडेशन तिसरं. टेबलावर यांचा कायम घोळ होतो, कारण वाक्य तेच असू शकतं. "आम्हाला आत सोड, तुझंच भलं होईल." हे काय झालं? माझी कसोटी सोपी आहे. समोरच्याला उद्या सगळं कळलं तर तो चिडेल का? चिडणार असेल तर ते डिसेप्शन. नुसतं "बरं झालं सोडलं" किंवा "गेले ते, मला काय" म्हणणार असेल तर पर्स्युएशन. आजच घाबरला असेल तर इंटिमिडेशन.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. फासा उचलायच्या आधी डीएमला तीन गोष्टी सांगायच्या: तुला काय हवंय, तू कोण म्हणून मागतेयस, आणि त्याने तुझं का ऐकावं. पहारेकऱ्याला फसवा हवं तेवढं, पण डीएमपुढे ताकाला जाऊन भांडं लपवू नका. अनेक खेळाडूंना वाटतं की डीएमपासूनही बेत लपवला तर तो जास्त चालेल. उलटं होतं. मला बेतच माहीत नसेल तर मी त्याला वाट कुठून देणार?

हे कसं घडतं ते एका प्रसंगात दाखवतो.

रात्रीची वेळ, किल्ल्याचा दरवाजा बंद. मंडळींकडे गवताने भरलेली गाडी आणि गवताखाली आमचा बँकवाला, म्हणजे त्याचं बुटकं पात्र, ड्वार्फ, कुऱ्हाडीसकट. दरवाज्यावर एकटा पहारेकरी.

भाची म्हणाली, "मी त्याला पटवते. रोल करू?"

मी विचारलं, "काय सांगून?"

"काहीतरी. म्हणजे... आम्हाला आत जाऊ दे."

"तो म्हणतो, रात्री दार उघडायचा हुकूम नाही."

भाची गप्प. टेबलावर शेंगदाणे फोडल्याचा आवाज. मग वकीलबाई तिच्या कानाशी म्हणाल्या, "अगं, त्याला काय हवंय ते बघ की आधी." या बाईंचा धंदाच तो.

भाचीने मला विचारलं, "तो दिसतो कसा?" हाच खरा प्रश्न. माझ्या वहीत त्या पहारेकऱ्याच्या नावापुढे तीनच नोंदी होत्या: थंडी, बदली आली नाही, सुभेदाराची भीती. मी सांगितलं की तो पाय आपटतोय, हात काखेत घालून उभा आहे आणि दर थोड्या वेळाने आतल्या बाजूला वळून बघतोय.

भाची म्हणाली, "मी विचारते, दादा, बदली आली नाही वाटतं अजून?"

"नाही ना. मेला झोपला असणार."

"आम्हीही दुपारीच पोचायचो. चाक मोडलं वाटेत, हे बघ ना. पागेचा चारा आहे. सकाळी घोड्यांपुढे काही नसलं तर सुभेदार कोणाला विचारणार? रात्री दारावर कोण होतं, हेच ना?"

गाडीचं चाक आदल्या रविवारी खरंच मोडलं होतं. दोरीने आवळून बांधल्याचं मीच वर्णन केलं होतं आणि विसरलोही होतो. तिच्या वहीत ते होतं. नुसतं "आत सोड"वर मी डीसी, म्हणजे गाठायचा आकडा, २० ठेवला असता. आता १५ केला. तिचा फासा ९ वर थांबला. १८ कॅरिस्माचे वरचे ४ आणि प्रोफिशियन्सीचे, म्हणजे सरावाचे, २ मिळून १५. काठावर पास.

मी म्हणालो, "तो कडी काढतो. आणि म्हणतो, जा, पण चारा मी भाल्याने टोचून बघणार. हुकूम आहे."

बँकवाल्याच्या तोंडातला शेंगदाणा तोंडातच राहिला.

आता यात काय काय झालं ते बघा. तिची थाप चौदा आणे खरी होती. चाक खरं, गवत खरं, उशीर खरा, सुभेदाराची भीती तर पहारेकऱ्याची स्वतःची. खोटं दोनच आणे: चारा पागेचा आहे, एवढंच. माझ्या धंद्यात कच्चा खोटारडा लगेच ओळखू येतो तो यावरूनच. तो सगळंच नव्याने रचतो. "बरोबर सात वाजून बारा मिनिटांनी" म्हणतो, न विचारता गाडीचा वेग सांगतो, कुत्र्याचा रंग सांगतो. खरोखर गाडी ठोकलेला माणूस म्हणतो, "संध्याकाळ होती, दिवे लागले होते, पुढचं काही आठवत नाही." टेबलावरही तेच. तुमच्या बनावट व्यापाऱ्याला आजोबा, पणजोबा आणि तीन जहाजं देऊ नका. एक मोडकं चाक पुरतं.

दुसरं, फासा जिंकला म्हणजे प्रसंग संपला असं मी करत नाही. थाप चालली, दार उघडलं, पण थापेची किंमत भाल्याच्या टोकावर आली. यात काहींना डीएमची लबाडी वाटते. मला वाटत नाही. मात्र एक पथ्य पाळायचं: जे जिंकलं ते काढून घ्यायचं नाही. दार उघडलं ते उघडलंच. पुढची अडचण नवी हवी, जुनीच परत नको.

थापेची मशागत आधीपासून करता येते, आणि याचा आपल्याकडचा दाखला शाळेतच शिकवतात. १६६६ साली आग्र्याला महाराजांनी आजारपणाचं निमित्त केलं आणि मिठाईचे पेटारे बाहेर पाठवायला सुरुवात केली. रोज पेटारे, रोज तपासणी, रोज आत मिठाईच. पहारेकऱ्यांना उघडून बघायचा कंटाळा आला, तेव्हा कुठे पेटाऱ्यांचं खरं काम सुरू झालं. आमच्या लोकांना मी हेच सांगतो. गवताची गाडी दोनदा खरीखुरी घेऊन जा. तिसऱ्यांदा ड्वार्फ घाला. दोन सेशन कोण थांबणार, असं विचारतात. थांबत नाही म्हणूनच भाला लागतो.

आता पटवण्याकडे. २०१४ च्या डन्जन मास्टर्स गाइडमध्ये एक छोटासा तक्ता आहे, आणि माझ्या मते त्या जाडजूड पुस्तकातलं ते सगळ्यात दुर्लक्षित पान आहे. त्यात समोरचा माणूस तीनपैकी एका मनःस्थितीत असतो: मित्रभावाचा, अलिप्त किंवा वैरभावाचा. वैरभाव असलेल्यापुढे तुम्ही बेरजेत २० गाठले तरी स्वतःला काही धोका नसेल तेवढंच काम तो करतो. अलिप्त माणूस तेवढंच काम १० वर करतो, २० वर थोडी झळ सोसायला तयार होतो. आणि मित्र असेल तर थोड्या झळीला १० पुरतात, मोठा धोका पत्करायला २०. म्हणजे राजाशी वैर असताना "मुकुट दे" म्हणून फासा टाकण्यात अर्थ नाही. २० चा आकडा पडला की जग पायाशी, ही समजूतही सोडा. त्या नियमांत आपोआप यश देणारा २० फक्त हल्ल्याच्या फाशाला आहे, कौशल्याच्या नाही. २०२४ च्या नव्या नियमांत हे आणखी आटोपशीर केलंय: माणूस राजी असेल तर फासाच नको, गैरराजी असेल तर फाशाचा उपयोग नाही, आणि कां-कूं करत असेल तर १५ किंवा त्याची इंटेलिजन्स, यातलं जे जास्त असेल ते गाठायचं.

मग करायचं काय? आधी मनःस्थिती हलवायची, मागणी नंतर. राजाच्या खजिनदाराला मुलाची काळजी आहे हे कळलं, मुलाचं काम करून दिलं, की तो वैरीचा अलिप्त होतो. मग लहानसं काहीतरी मागा. खजिन्याची किल्ली नको, खजिन्याच्या पहाऱ्याची वेळ विचारा. गॅरेजवाले माझ्याशी नेमकं असंच वागतात. आधी चहा, मग "साहेब, तेवढा डावा आरसा पण त्यात घ्या ना."

मुखदुर्बळ खेळाडूंसाठी एक परिच्छेद वेगळा लिहायला हवा, कारण भाचीचा मूळ प्रश्न तोच होता. कुऱ्हाडवाला ड्वार्फ खेळणाऱ्या बँकवाल्याला मी कधी म्हणत नाही की उठ, वीस जोर काढून दाखव. मग बार्ड खेळणाऱ्या मुलीने माझ्यासमोर भाषण का ठोकावं? "माझी बार्ड त्याला सांगते की उशीर झाला तर सुभेदार त्याच्यावर घसरेल" असं तिऱ्हाइतासारखं बोललं तरी पूर्ण चालतं. नाटकी आवाजाला मी एकही गुण जास्त देत नाही. काही डीएम देतात, आणि मग दर रविवारी बोलका माणूसच जिंकतो, त्याची कॅरिस्मा ८ असली तरी. मी सूट देतो ती मुद्द्याला. समोरच्याला काय हवंय हे ज्याने शोधलं त्याचा डीसी उतरतो, मग तो अडखळत बोलो की लाजत.

डीएमच्या बाजूचं थोडं. इनसाइट म्हणजे समोरच्याच्या मनातलं ओळखायचं कौशल्य. खेळाडू विचारतात, "इनसाइट मारतो, हा खोटं बोलतोय का?" याचं उत्तर हो किंवा नाही असं कधीच देऊ नका. जे दिसतं ते सांगा: "तुझ्या प्रश्नावर त्याने उत्तर दिलं, पण त्याआधी दाराकडे बघितलं." अर्थ त्यांनी लावायचा. फासा चुकला तर "तो खरं बोलतोय" म्हणायचं नाही, "तुला त्याचा थांग लागत नाही" म्हणायचं. खेळाडूंना डीएमच्या वाक्यावर विश्वास ठेवता यायला हवा. पात्रांची वाक्यं खोटी असू देत, माझी स्वतःची नको. सगळ्यांचा पॅसिव्ह इनसाइट, म्हणजे १० अधिक त्यांचा बोनस, मी एका चिठ्ठीवर लिहून पडद्यामागे चिकटवलाय. ज्याचा आकडा थापेला भारी पडेल त्याला न विचारता एखादी खूण सांगतो.

माझी सगळ्यात मोठी चूकही याच खात्यातली. एका मोहिमेत म्हातारा पुजारी होता. आठ महिने त्याने सगळ्यांच्या जखमा बांधल्या. शेवटी तोच शत्रूचा माणूस निघाला. मला वाटलं लोक टाळ्या वाजवतील. कोणी काही बोललं नाही. नंतर वकीलबाई म्हणाल्या, "मागे वळून बघितलं तर एक तरी जागा दाखवा, जिथे आम्हाला कळू शकलं असतं." एकही नव्हती. फितुरी मला आयत्या वेळी सुचली होती. त्यानंतर जवळजवळ दोन वर्षं आमच्या टेबलावर कोणी कुठल्या सरायवाल्याच्या हातचं पाणीसुद्धा प्यायलं नाही. भेटेल त्या म्हातारीवर इनसाइट! तेव्हापासून मी प्रत्येक थापेला तीन सुटे धागे ठेवतो. एक ठळक, एक अर्धवट, एक अगदी बारीक. तीनही हुकले तर ती त्यांची हौस.

सत्यवर्तुळाचा मंत्रही सांगून टाकतो, म्हणजे झोन ऑफ ट्रुथ. तो पडला की नवखे खेळाडू हाय खातात. पण नियम नीट वाचा. त्या १५ फुटांत ज्याचा बचावाचा फासा हुकला त्याला जाणूनबुजून खोटं बोलता येत नाही, आणि मंत्र चाललाय हे आतल्या माणसाला कळतं. पण गप्प बसायला, बगल द्यायला, अर्धं बोलायला मुभा आहे. म्हणजे थोडक्यात "नरो वा कुंजरो वा". अश्वत्थामा नावाचा हत्ती भीमाने खरंच मारला होता, धर्मराजाने शब्द एकही खोटा उच्चारला नाही, आणि द्रोणांनी शस्त्र खाली ठेवलं. मंत्र पडला की अशी वाक्यं आधी लिहून ठेवा. आणि तुम्ही विचारणारे असाल तर "हो की नाही?" एवढ्यावरच धरा, वकीलबाईंसारखं.

हे सगळं फाशाचं. खेळाडूने खेळाडूलाच फसवायचं असतं तिथे फासा कामाचा नाही. आमच्याकडे नियम असा की एका खेळाडूच्या पात्राने दुसऱ्याच्या पात्रावर पर्स्युएशन मारून त्याच्याकडून काही करवून घ्यायचं नाही. पटलं का नाही, हे ज्याचं पात्र तोच ठरवणार. नुसत्या तोंडाने फसवायचा सराव हवा असेल तर माफिया खेळा. १९८० च्या दशकात मॉस्को विद्यापीठात दिमित्री डेव्हिडॉफने तो सुरू केला. मूठभर माफियांना सगळं ठाऊक आणि बाकीचे गावकरी अंधारात; खेळातल्या दर दिवशी मतं देऊन संशयिताला बाहेर काढायचं, एवढाच त्याचा गाभा. आपल्या राजा, राणी, चोर, शिपाई या चिठ्ठ्यांचाच मोठा भाऊ म्हणा. यात नवखा माफिया पहिल्या मिनिटापासून खोटं बोलतो आणि तिथेच सापडतो. जुना खेळाडू पहिल्या दोन दिवसांत एकही खोटं वाक्य बोलत नाही. गावकऱ्यासारखाच शंका घेतो, कधीकधी आपल्याच साथीदारावर. थाप राखून ठेवतो, ज्या मतावर डाव फिरणार त्या मतापुरती.

आणि लार्प, म्हणजे पात्र अंगावर घेऊन, वावरत खेळायचा खेळ. तिथे टेबल नाही, फासा बहुतेक वेळा नाही, तुम्हीच पात्र. १९९३ मध्ये आलेल्या माइंड्स आय थिएटरच्या व्हॅम्पायर लार्पमध्ये वाद मिटवायला स्टोन-पेपर-सिझर वापरायचे. उत्तर युरोपातल्या पद्धतीत बऱ्याचदा तेही नसतं. तुमचा चेहरा खोटं बोलू शकला तर बोलला. म्हणूनच तिथे कुंपणं जास्त पक्की लागतात. तिकडे दोन शब्द रुळलेत. एक 'कट': म्हटला की खेळ जागच्या जागी बंद. दुसरा 'ब्रेक', गाडीचा असतो तसाच: म्हटला की समोरच्याने जोर कमी करायचा, खेळ मात्र चालू राहतो. हे शब्द खोटं बोलताना वापरायचे नाहीत. कधीच नाहीत.

हे मी अनुभवाने सांगतोय. कर्जतजवळच्या एका शेतघरात आम्ही चौदा जणांनी एका संध्याकाळचं लार्प केलं. जहागीरदार वारलेत, मृत्युपत्र सापडत नाही, आणि प्रत्येकाच्या खिशात एक गुपिताची चिठ्ठी. मधेच एक जण फोन कानाला लावून पांढराफटक पडला, आई पडली म्हणाला, बाहेर धावला. आम्ही सगळे खेळ सोडून त्याच्या मागे. कोणी गाडीची किल्ली शोधतंय, कोणी पाणी आणतंय. तो मागच्या दाराने आत जाऊन आमच्या पिशव्या उचकत होता. आई ठणठणीत. त्याला अजूनही वाटतं की ती त्या रात्रीची सर्वोत्तम चाल होती. आम्ही त्याला परत बोलावलेलं नाही. त्याने जहागीरदाराच्या भावाला फसवायला हवं होतं. फसवलं आम्हाला.

त्यामुळे आता खेळाआधी मी एक वाक्य सगळ्यांकडून म्हणवून घेतो: फोन, तब्येत, घर आणि 'कट' यांबाबत कोणी खोटं बोलणार नाही. आणि खेळ संपल्यावर अर्धा तास राखून ठेवतो. सगळ्यांनी चिठ्ठ्या मधोमध टाकायच्या आणि कोणी कोणाला काय थाप मारली ते मोठ्याने सांगायचं. पात्राचा राग अंगाला लागलेला असतो, धुळवडीच्या रंगासारखा. तो तिथेच धुतलेला बरा.

त्या रात्रीही आम्ही चिठ्ठ्या टाकल्या होत्या, तो निघून गेल्यावर. मी दिवाण होतो, मृत्युपत्र खरं की खोटं हे ठरवायचं काम माझं. वकीलबाईंनी आणलेला कागद मी दिव्यापुढे धरून पाहिला होता, सही ताडली होती, शिक्का घासून पाहिला होता आणि भर सभेत तो खरा ठरवून जहागीर त्यांच्या नावाने करून दिली होती. बाईंनी कागद माझ्यापुढे सरकवला आणि साक्षीदाराच्या नावावर बोट ठेवलं. कारभारी. मीच लिहून सगळ्यांना वाटलेल्या कागदाच्या पहिल्या पानावर तो तीन वर्षांपूर्वी वारलेला होता.

"तुमच्यासाठीच ठेवला होता तो," बाई म्हणाल्या. "तीन तास वाट बघितली."